मला हॉलबाहेर काढलं त्याची खरी हकीकत

आदरणीय विहीणबाईंना, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना आणि नुकत्याच ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्याला माझा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. त्यात पहिल्या चार ओळींत तुम्ही माझी तब्येत विचारलीत आणि पाचवीत विचारलंत की ‘तुम्हाला शर्यतीच्या हॉलमधून बाहेर काढलं असं कानावर आलं, ते खरं का?’ पहिल्या चार ओळी पाचवीसाठी लिहिल्या होत्या हे ओळखायला तिसरीपर्यंतचं शिक्षण पुरतं, आणि तेवढं माझं झालेलं आहे. तर आधी तब्येत. मी ठीक आहे. दात मजबूत आहेत (आपल्या नातीनंच तिच्या कारखान्यात बनवून दिलेत, त्यांना काय धाड भरलीय), एक कान चालतो, दुसरा नुसता शोभेला आहे, आणि चालताना मी डावीकडे झुकते ती तीस वर्षं पायाची शिलाई मशीन चालवल्यामुळे, म्हातारपणामुळे नव्हे. तुमचा डोळा बरा झाला हे ऐकून समाधान वाटलं. आता तरी तुम्हाला सगळं स्वच्छ दिसेल. काय काय दिसायचं राहून गेलं होतं ते मी बोलत नाही, पत्र तब्येतीबद्दल चाललंय.

आता पाचवी ओळ. मला धरून काढलं हे साफ खोटं. धरायला कोणी जवळ येण्याची हिंमत केली नाही. मी माझ्या पायांनी चालत बाहेर गेले, पुढे एक शिट्टीवाला पंच आणि मागे एक, जसं मंत्र्याला नेतात तसं. हे तुम्हाला ज्यानं सांगितलं (तुमचा मुलगाच असणार, चष्म्याच्या दुकानात बसून त्याला दुसऱ्यांचंच जास्त दिसतं) त्यानं निम्मंच सांगितलंय. उरलेलं गुन्हेगाराच्याच तोंडून ऐका.

तुम्हाला आठवत असेल, मागल्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून आपण दोघींनी आणि नातीनं एक करार केला होता. तुमची लेक आणि माझा लेक बदलीच्या नोकरीत, दर तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर, म्हणून ही पोर सहाव्या वर्षापासून माझ्याकडे. तिला जेवायला एक तास लागायचा म्हणून तिच्या आजोबांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं, आणि तीच गोगलगाय पुढे सायकलच्या शर्यतीत उतरली, यावरून पुरुषांना माणसांची पारख किती असते ते कळतं. तुमचं म्हणणं असं की अकरा वर्षं सायकल फिरवून झाली, पोरगी बत्तिशीची झाली, अर्धवेळ कवळ्या घासून आयुष्य जायचं नाही. मामाच्या दुकानात पक्की जागा आहे, सकाळी नऊ ते रात्री नऊ, तिनं तुमच्या शहरात यावं आणि सायकल खुंटीला टांगावी. माझं म्हणणं असं की तिनं माझ्याकडेच राहावं. (सायकलचं मला काही नव्हतं. खोटं कशाला बोलू.) नात म्हणाली, ‘या हंगामात आम्ही चौघी चार मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलो तर मोठ्या स्पर्धेला जाऊ आणि मी इथेच राहीन. नाही आलो तर मामाकडे.’ तुम्ही लगेच हो म्हणालात, कारण तोवर त्या एकदाही चार मिनिटं त्रेपन्नच्या आत आल्या नव्हत्या. तुम्ही चौकशी करून ठेवली होती हे मला मागाहून कळलं.

तर मागल्या आठवड्याची शर्यत ही हंगामातली शेवटची होती. त्याच्या पुढे करार.

तुम्ही अकरा वर्षांत एकदाही बघायला आला नाहीत म्हणून हा खेळ कसा असतो ते सांगते. एक मोठा हॉल, त्यात लाकडाची एक भलीमोठी परात ठेवल्यासारखा ट्रॅक, काठ इतके उभे की त्यावर मांजर सुद्धा बसणार नाही. सायकलींना ब्रेक नाही, स्टँड नाही, घंटी नाही, मागे कॅरियर नाही, आणि पाय थांबवले तरी पॅडल थांबत नाही. एवढं सगळं काढून घेतलं म्हणून ती नेहमीच्या सायकलीपेक्षा महाग. चौघींनी एकीमागे एक अशा वितीच्या अंतरानं जायचं. पहिलीनं वारा अंगावर घ्यायचा, मागच्या तिघींनी तिच्या आडोशाला राहायचं. एखाद-दुसरी फेरी झाली की पहिली वर काठाला चढते, बाकीच्या खालून पुढे जातात, आणि ती उतरून सगळ्यांत मागे लागते. अशा सोळा फेऱ्या. समोरच्या बाजूनं दुसऱ्या क्लबच्या चौघी निघालेल्या असतात, त्यांच्याकडे बघायचं नाही.

आणि यातली खरी गोम अशी, की घड्याळ पहिली आल्यावर थांबत नाही, चौथी आल्यावरही थांबत नाही. तिसरीचं पुढचं चाक रेषेवर आलं की थांबतं. म्हणजे एक जण वाटेत गळली तरी चालते. गळणारी कोण हे आधीच ठरलेलं असतं, आणि अकरा वर्षं ती गळणारी म्हणजे आपली गोगलगाय. तिनं मधल्या फेऱ्यांत दोन-अडीच फेऱ्या एकटीनं वारा खायचा, छातीचा भाता फुटेस्तोवर ओढायचं, मग वर काठाला जाऊन संथ फिरत राहायचं आणि बाकीच्या तिघींनी तिच्या जिवावर पोचायचं. अकरा वर्षांत एकाही घड्याळानं तिची दखल घेतलेली नाही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी त्यांच्या मास्तरांना (धंद्यानं प्लंबर, पण शिकवतात म्हणून सगळ्या मास्तर म्हणतात) विचारलं होतं की हा कुठला न्याय. ते म्हणाले, ‘आजी, प्रत्येक घरात एक असतोच की असा.’ मी त्यांना म्हटलं, तुमच्या घरात तो कोण आहे ते मला दिसतंय, तुमच्या बायकोला भेटलेय मी.

आता नीट लक्ष देऊन वाचा, कारण इथूनच गोंधळ आहे. धावताना पोरींना घड्याळ दिसत नाही. मान खाली, कानात वारा. ओरडून उपयोग नाही. म्हणून मास्तर रेषेपाशी ट्रॅकच्या कडेला उभे राहतात आणि चालून वेळ सांगतात. पोरी ठरल्या वेळेवर असतील तर मास्तर नेमके रेषेवर. वेळेच्या पुढे असतील तर त्या जातात त्या दिशेला पावलं टाकतात, मागे पडल्या असतील तर उलट्या दिशेला. एक पाऊल म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. (सेकंदाचे दहा तुकडे करणारी माणसं मला नळ दुरुस्तीला ‘येतो उद्या’ म्हणून पंधरा दिवसांनी उगवतात, ते सोडा.) पोरींना खाली मान घालून मास्तरांचं तोंड दिसत नाही, पाय दिसत नाहीत, दिसतं फक्त त्यांचं नारिंगी जाकीट. ते जाकीट कुठे आहे हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं आणि त्यावरून पाय चालवायचे. आठ वर्षं हेच जाकीट. धुतलेलं मी पाहिलेलं नाही.

मी तिथे कशाला, हेही विचाराल. मी त्यांची शिवणारी. ते अंगाला चिकटणारे कपडे ऐन वेळी कुठेतरी उसवतात, आणि त्या दिवशीही उसवले. टपाल वाटणारी जी आहे, ती सर्वांत पुढून सुरुवात करते, तिची पाठीची चेन गळ्याशी तुटली. मी तिला भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि अंगावरच शिवली. आता शर्यतीनंतर कात्रीनं कापल्याशिवाय बाहेर निघायची नाही असं तिला सांगितलं तर म्हणते, ‘आजी, मला आत्ताच जायचंय हो बाथरूमला.’ मी म्हटलं, पाच मिनिटं कळ काढ, त्यानं वेगही वाढेल. कडेला बसायला पास लागतो. क्लबला दोनच पास मिळतात, एक मास्तरांचा आणि दुसऱ्यावर लिहिलंय ‘मेकॅनिक’. तो माझ्या गळ्यात असतो. कुणी काही विचारलं की मी सुई दाखवते.

हॉलमध्ये थंडी म्हणजे बर्फाच्या कारखान्यासारखी. मी शाल पांघरून स्टुलावर बसले होते तर एक शिट्टीवाला आला आणि म्हणाला, शाल काढा, वाऱ्यानं उडून चाकात जाईल. मी म्हटलं, सत्तर वर्षांत माझ्या अंगावरून काही उडालेलं नाही. पण नियम म्हणजे नियम, शाल काढून घेतली, घडी घालून नेली (घडी चुकीची). मी कुडकुडायला लागले. ते बघून मास्तरांनी आपलं जाकीट काढलं आणि माझ्या खांद्यावर घातलं. म्हणाले, ‘घाला आजी, मला टेन्शननं घाम फुटलाय.’ खाली त्यांचा राखी रंगाचा स्वेटर, ट्रॅकच्या कडेच्या पट्टीसारखाच राखी. विहीणबाई, माणूस भला आहे. आणि भल्या माणसांनीच जगात जास्त घोटाळे केलेत, कारण वाईट माणूस आधी विचार करतो.

मास्तरांना सुचलं नाही, मलाही सुचलं नाही. बार झाला, पोरी सुटल्या.

मी फेऱ्या बटणांवर मोजते. डाव्या खिशात सोळा बटणं, दर फेरीला एक उजव्या खिशात. पण त्या दिवशी खिसे मास्तरांचे, आणि त्यात नळाचे वायसर. आठ-नऊ फेऱ्या झाल्या असतील तेव्हा माझी मोजणी तेवीसवर गेली होती. तोवर मी स्टुलावर रेषेच्या अगदी बाजूला ढिम्म बसून. म्हणजे पोरींना दर फेरीला नारिंगी जाकीट नेमकं रेषेवर दिसत होतं. वा, आपण अगदी वेळेवर आहोत, असं म्हणून त्या निवांत चालल्या होत्या. आणि खरे मास्तर राखी स्वेटरमध्ये माझ्या मागून उलट्या दिशेला एक पाऊल, तीन पावलं, आठ पावलं, बारा पावलं जात होते, हात हलवत होते, ओरडत होते, आणि त्यांच्याकडे कुणीही बघत नव्हतं. मीसुद्धा नाही. ते माझ्या शोभेच्या कानाच्या बाजूला होते.

बारा पावलं म्हणजे सव्वा सेकंद मागे. म्हणजे मामाचं चष्म्याचं दुकान.

आणि तेवढ्यात तो फोटोवाला आला. गळ्यात दोन कॅमेरे, खांद्यावर पिशवी, आणि येऊन उभा कुठे राहिला, तर पोरी ज्या वळणातून बाहेर येतात त्या वळणाच्या अगदी आड. मला आपली पोर दिसेना. मी बसल्या जागेवरून ‘ओ दादा, सरका’ म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं. त्यानं हात केला, जसा माशीला करतात. मग मी उठले.

मी त्याच्याकडे चालत निघाले, आणि तो होता उलट्या दिशेला. मला येताना बघून तो कॅमेरा डोळ्याला लावूनच चार पावलं मागे सरकला. मी पुढे गेले. तो आणखी मागे. त्याला वाटलं मला फोटो हवाय, म्हणून तो मला चौकटीत घ्यायला मागे मागे जात होता, आणि मला वाटलं हा पळतोय, म्हणून मी जास्त जोरात. पोरींच्या दोन-तीन फेऱ्या होईस्तोवर असे आम्ही दोघं त्या कडेनं चाललो. मी त्याला त्याच्या आईनं काय शिकवलं, काचेतून जग बघणाऱ्याला समोरचं माणूस दिसत नाही का, असं बरंच बोलले, त्यातलं काही लिहिण्याजोगं नाही. शेवटी त्याची पाठ एका बाकाला टेकली आणि तो थांबला. मीही थांबले. रेषेपासून मी चाळीस पावलं आले होते.

चाळीस पावलं म्हणजे चार सेकंद मागे.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण पोरींनी काय पाहिलं ते बघा. आठ फेऱ्या मास्तर शांतपणे रेषेवर. मग एका फेरीत दहा पावलं मागे. पुढच्या फेरीत पंचवीस. पुढच्या फेरीत चाळीस, आणि नारिंगी बाह्या वर हवेत. त्यांची गाळण उडाली. त्या वेळेला पुढे होती आपली गोगलगाय. तिनं जी मान खाली घातली ती घातली. मी फोटोवाल्याशी भांडत होते तरी मला आवाज ऐकू आला. चालत्या कानाला चार सायकली जाताना जो आवाज येतो तो अचानक बदलला, कापड फाडल्यासारखा. मी वळून बघितलं. फोटोवालाही कॅमेरा खाली करून बघत राहिला.

ती अडीच फेऱ्या ओढायची, तिनं साडेतीन ओढल्या. मग नेहमीसारखी वर काठाला गेली. नेहमी इथे तिचं काम संपतं. ती वर संथ फिरत श्वास घेते आणि बाकीच्या तिघी जातात. पण वर गेली तर तिथे आधीच एक जण रेंगाळत होती. लांबोडी. (बँकेत कॅशियर आहे, उंच आहे, वारा चांगला अडवते, पण भित्री.) एवढा वेग तिला झेपला नव्हता, ती केव्हाच सुटून वर जाऊन रडत होती. म्हणजे खाली राहिल्या दोघी. टपालवाली आणि पोहायला शिकवणारी. आणि घड्याळाला हवी तिसरी.

विहीणबाई, मी उगाच हळवी होणारी बाई नाही हे तुम्ही जाणता. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात मी डॉक्टरांशी बिलाच्या टाइपिंगमधल्या चुकांवरून भांडले होते. पण ती पोर त्या काठावरून ज्या तऱ्हेनं खाली आली ते बघताना मी त्या फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा धरला आणि सोडला नाही. अंगात काही शिल्लक नव्हतं. खांदे दोन्हीकडे हलत होते, तोंड उघडं, आणि पुढच्या दोघींमध्ये नि तिच्यात एका सायकलीचं अंतर, मग दोन सायकलींचं. आडोसा गेला की माणूस संपतो, हे इतक्या वर्षांत मलाही कळायला लागलंय. पुढच्या फेरीला अंतर तेवढंच. शेवटच्या फेरीला पुन्हा एका सायकलीचं. कुठून आणलं ते मला विचारू नका. तुमच्या घराण्यातून नसावं, तुमच्याकडे सगळे वेळेवर जेवतात.

दोघी रेषेवरून गेल्या. मग ती गेली. वर मोठ्या पाटीवर आकडे थांबले. चार मिनिटं, एकोणपन्नास सेकंद आणि पुढे सात. मला तेवढं वाचता येतं. मास्तरांच्या हिशेबानं तीन पावलं शिल्लक.

नंतर ती बादलीत ओकली, पाणी प्यायली आणि धापा टाकत माझ्याकडे आली. म्हणाली, ‘आजी, चार सेकंद कशानं गेले गं आपले?’ मी म्हटलं, कुठले चार सेकंद? ती माझ्या जाकिटाकडे बघत राहिली. मग तिनं मास्तरांच्या स्वेटरकडे पाहिलं. मग खालीच बसली आणि इतकी हसली की पुन्हा ओकली. मास्तर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, आठ वर्षं ज्या पोरींना मी एक पाऊल दाखवून वेग वाढवायला शिकवलं, त्यांना तुम्ही चाळीस दाखवलीत. एखादी मेली असती म्हणजे? मी म्हटलं, मेली नाही, आणि हे घ्या तुमचे वायसर.

आता बाहेर काढण्याचं. दुसऱ्या क्लबच्या व्यवस्थापकानं तक्रार केली, की कडेला चालून खूण करायला एकाच माणसाला परवानगी असते आणि यांची दोन माणसं चालत होती, एक राखी आणि एक नारिंगी. तेव्हा यांची वेळ रद्द करा. तीन शिट्टीवाले टेबलामागे बसले, मध्ये उशीएवढं जाड नियमांचं पुस्तक. मला उभी केली. मधल्यानं विचारलं, ‘आजी, तुम्ही खुणा करत होता का?’ मी म्हटलं, मी भांडत होते. ‘चाळीस पावलं?’ म्हटलं, तो सरकत होता तर मी काय करू, एका जागी उभं राहून भांडायला मी काय रेडिओ आहे? त्यांनी विचारलं, तुमच्या गळ्यात मेकॅनिकचा पास कसा? मी सुई दाखवली. मग मी त्यांना विचारलं, तुमच्या त्या पुस्तकात कडेला भांडू नये असं कुठे लिहिलंय का? त्यांनी शोधलं. अर्धा तास शोधलं. नव्हतं लिहिलेलं.

आणि तेव्हा कोण पुढे आला असेल? फोटोवाला. म्हणाला, ‘या बाई माझ्याशीच भांडत होत्या, पार शेवटापर्यंत. खूणबीण काही नाही. माझ्या आईचा उद्धार होत होता, मला पक्कं आठवतंय.’ मी अशी साक्ष आयुष्यात ऐकली नाही. पट्टा तुटला होता त्याचा माझ्या हातात, तोही मी तिथल्या तिथे शिवून दिला. तर निकाल असा झाला: वेळ कायम. पोरी मोठ्या स्पर्धेला पात्र. आणि मी एक वर्षभर, कुठल्याही शहरातल्या, कुठल्याही शर्यतीच्या हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही. एकही नाही, चाळीस तर लांबच. मग पुढे एक शिट्टीवाला, मागे एक. शाल त्यांनी दारात परत दिली.

अशी ही हकीकत. तुमच्या मुलाला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला तरी तो पूर्ण सांगेल. तुमच्या गुडघ्यांना तेल लावा, डोळ्यात औषध घाला, आणि करार कुणी जिंकला ते लक्षात असू द्या. एवढं कळलं तरी या वयात पुष्कळ.

तुमची विहीण, जी अजून चालू शकते ती

ता. क. : मोठी स्पर्धा पुढल्या महिन्यात तुमच्याच शहरात आहे. तुम्हाला ठाऊक असेलच, पण तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीच बोलते. चार पोरी, मास्तर आणि मी नऊ दिवस तुमच्याकडे उतरू. सरावाच्या धरून सायकली आठ आहेत आणि त्या बाहेर ठेवायच्या नसतात, त्या तुमच्या पुढल्या खोलीत राहतील, त्या सोफ्यावर जो तुम्ही वीस वर्षं कुणाला बसू दिलेला नाही. पहाटे पाचला पोरी घरातल्या घरात, जागच्या जागी फिरणाऱ्या लोखंडी रुळांवर सायकली चालवतात, त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. मास्तर तुमच्या घरातले सगळे नळ फुकट बघून देतील, तेवढी तुमची कमाई.

आणखी एक : मला आत घेणार नाहीत. पण मेकॅनिकचा पास तर आहेच, आणि पोरींचे कपडे तर उसवणारच. तो पास तुमच्या गळ्यात घालावा असं मी ठरवलंय. तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो, नवा डोळाही आहे. स्टुलावर बसायचं, काहीही झालं तरी उठायचं नाही. आणि हे काम तुमच्याइतकं चांगलं आमच्या सबंध क्लबात कुणाला जमणार नाही हे मी मनापासून म्हणते. अंगात जाड कपडे घाला, कुणाचं काही मागून घेऊ नका. नाही म्हणू नका, विहीणबाई. कुणीतरी घरचं माणूस कडेला असलं पाहिजे. का, ते खाली लिहिते.

शेवटचं : करार मी जिंकले असं वर लिहिलंय ते खोडायला नको, पण त्याला अर्थ नाही. घरी येताना बसमध्ये गोगलगाय मला म्हणाली की ही मोठी स्पर्धा झाली की ती सायकल सोडणार आणि तुमच्याकडे येणार, मामाच्या दुकानात. मी म्हटलं, अगं, तू आत आलीस ना, आता कुणी तुला जा म्हणू शकत नाही. तर म्हणते, ‘म्हणूनच. सगळे सोड सोड म्हणत होते तोवर सोडता येत नव्हतं. आता कुणी म्हणत नाही.’ मी वाद घातला. दोन स्टॉप घातला, मग तिला झोप लागली. तेव्हा ती तुमच्याकडे येते आहे, माझ्या बाजूनं काही हरकत नाही, दुकानात तिच्या खुर्चीमागे खिडकी असू द्या, तिला बंद खोली सोसत नाही. ती सकाळी आपणहून उठते, उठवायला जाऊ नका. पण उठल्यावर अर्धा तास ती कुणाशी बोलत नाही. तुम्हाला वाटेल पोर रुसली आहे, काही झालंय का विचारावं. विचारू नका. चहा समोर ठेवा आणि दुसरं काहीतरी काम करत तिथेच बसून राहा. अर्ध्या तासानं ती आपण होऊन बोलायला लागते, आणि मग जे बोलते ते ऐकण्यासारखं असतं.